रांगेचे मास्तर

आमच्या शेजारचे मास्तर दिवसा शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी स्वतःच्या कापडदुकानात बसायचे. पाढे म्हणणारी पोरं असोत, गिऱ्हाईक असो की घरी ताट घेऊन बसलेली लेकरं, एकाचं उरकलं की त्याच खणखणीत आवाजात ओरडायचे, "पुढचा!"

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर आले, नळाला पाणी काही आलं नाही. त्या सालच्या दुष्काळात गल्लीत टँकर आला की रांग मास्तरच लावायचे आणि सगळे मुकाट ऐकायचे.

एक दिवस त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, मधेच घुसून घागर भरली. मास्तरांनी ती त्यांच्या कमरेवरून ओढली आणि सगळ्यांदेखत माझ्या बादलीत रिकामी केली. पाळी माझी होती.

"अहो, बारकीला लई ताप हाय," वहिनी म्हणाल्या.

"रांग म्हंजे रांग. मागं जा. पुढचा!"

वहिनी शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा टँकरचा पाइप गुरगुरला आणि कोरडा पडला.

वहिनींनी रिकामी घागर कमरेवर घेतली. त्यांच्यामागं कुणीच नव्हतं. तरी मास्तरांकडं बघत त्या म्हणाल्या, "पुढचा!"