पाणी न टिकणारं पाताळ

बंबकाका निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. एकतीस वर्षं अग्निशमन दलात शिड्या चढलेला माणूस, आता खुर्चीतून उठायचं तरी बायकोला हाक मारावी लागे. दीड महिना घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग काका दिवसभर खिडकीत बसून समोरच्या सलूनवाल्यावर खेकसत. “अरे, ती वायर उघडी आहे! एक दिवस दुकान जाईल तुझं!”

शेवटी मुलगीच कंटाळली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिने एका रविवारी आपला गेम टीव्हीला जोडला आणि कंट्रोलर वडिलांच्या हातात ठेवला.

“बाबा, ठोकळे फोडायचे, ठोकळे रचायचे आणि जिवंत राहायचं. एवढंच.”

“पोरखेळ आहे नुसता,” काका म्हणाले. आणि आठ दिवसांत त्यांनी त्या ठोकळ्यांच्या जगात घर उभं केलं. दोन जिने, प्रत्येक खोलीला बाहेर पडायचा दुसरा दरवाजा, गच्चीवर पाण्याचा हौद. मुलगी हसून हसून बेजार झाली. मग तिने काळ्या दगडाची एक चौकट रचली, चकमकीने पेटवली, तसा चौकटीत जांभळा पडदा थरथरू लागला. पलीकडे पाताळ होतं.

“माझ्याशिवाय आत जायचं नाही हं,” तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, ती कामाला गेल्या गेल्या, काका आत गेले. बरोबर पाण्याने भरलेल्या चार बादल्या घेतल्या होत्या. पलीकडे जिकडेतिकडे आग. लाल दगडांवर आग, वरून तापलेल्या लाव्हारसाच्या धारा. काकांना माहेरी आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात लांबून रडण्याचा आवाज आला. लहान मुलासारखा, बारीक, थांबून थांबून.

“आत कुणीतरी अडकलंय!” काका मोठ्याने म्हणाले आणि सवयीने आवाजाच्या दिशेने धावले.

धुक्यातून जे बाहेर आलं ते मूल नव्हतं. घराएवढं पांढरंफटक काहीतरी हवेत तरंगत होतं, खाली शेपट्या लोंबत होत्या. त्याने मिटलेले डोळे उघडले, किंकाळी फोडली, आणि तोंडातून आगीचा गोळा सोडला. बाजूची जमीन उडाली, कडा पेटल्या. काकांनी बादली ओतली. चर्र झालं. वाफ उठली. पाणी गायब.

दुसरी ओतली. वाफ. तिसरी. वाफ.

पुढचा गोळा मागच्या चौकटीवर फुटला आणि जांभळा पडदा विझला. परतीचं दार बंद! ते पेटवायला चकमक हवी, आणि बंबवाल्याच्या पिशवीत चकमक कुठून असणार?

काकांनी घाईघाईने दोन दगड रचून आडोसा केला, मागे दडले आणि खेळ थांबवला. बाजूच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करणारी काकू बाहेर आली.

“अहो, काय झालं? चेहरा का असा उतरलाय?”

“पाणी राहतच नाही गं,” काका म्हणाले. “टाकलं की वाफ. असं कधी असतं का?”

मुलीला फोन लावला. ती डबा खात होती. आधी चार शब्द ऐकवले, मग म्हणाली, “पाणी तिथे चालत नाही बाबा. गोळा आला की पळू नका. समोर उभं राहून फटका मारा, तो उलट त्याच्यावरच जातो. आडोसा दगडाचाच घ्या, तो फुटत नाही. ठेवते, पेशंट आलाय.”

आगीला फटका मारायचा! काकांनी सहा वेळा प्रयत्न केला. सहाही वेळा अंगठा आपोआप मागे गेला. एकतीस वर्षांची शिस्त ती, एका दुपारी कशी मोडणार?

“उशीर करताय,” काकू मागून म्हणाली. “आधी नाही, नंतर नाही. जवळ आला की. आणि खांदा कशाला उडवताय? मनगट.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“आणा इकडे.”

तिने कुठलं बटण ते विचारलं. पहिला गोळा हुकला. दुसरा तिने असा परतवला की ते पांढरं धूड कळवळून खालीच कोसळलं. लगेच दुसरं आलं. तेही पाडलं. काकांचं तोंड उघडं ते उघडंच.

“हे कुठे शिकलीस?”

“टेबल टेनिस खेळायचे मी. जिल्ह्यात दुसरी होते.”

“मला कसं माहीत नाही?”

“सांगितलं होतं की. लग्न झालं त्याच आठवड्यात. तुम्ही ‘छान’ म्हणालात.”

काका गोरेमोरे झाले. “मग सोडलंस का?”

काकू पडद्याकडेच बघत होती. “राज्याच्या संघाची निवड होती त्या दिवशी. बॅग भरून दारात उभी होते, तेवढ्यात तुमच्या स्टेशनचा माणूस आला. रंगाच्या गोदामाची आग.”

रंगाच्या गोदामाची आग! काकांनी ती गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला शंभरदा ऐकवली होती. दोन कामगार कसे ओढून काढले, खांदा कसा भाजला, आणि शेवटी बायको धावत हॉस्पिटलात कशी आली. ती कुठून धावत आली, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ही मात्र दर वेळी समोर चहा ठेवून ऐकत राहिली होती.

“तुझ्या हातात बॅग होती,” ते हळूच म्हणाले. “लाल. मला वाटलं, माझे कपडे आणलेस.”

“बूट होते त्यात. आणि बॅट.”

जळत्या माळ्यावरची फळी पायाखालून निसटताना काका डगमगले नव्हते. आत्ता खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

“ते बघा, अजून एक येतंय,” काकू म्हणाली. “याला मारायचं नाही. दार पेटवायचंय ना तुमचं?” ती विझलेल्या चौकटीसमोर जाऊन उभी राहिली, गोळा अंगावर येईपर्यंत हलली नाही, आणि ऐनवेळी बाजूला झाली. गोळा चौकटीत फुटला. जांभळा पडदा पुन्हा थरथरला. दोघं पाताळातून बाहेर पडली.

काका काठी टेकत चालू लागले तेव्हा त्यांनी पहिली फेरी जवळच्या क्रीडागृहापर्यंत मारली आणि काकूचं नाव घालून आले. ती आधी चिडली, मग बूट घेऊन आली. पहिल्या दिवशी कॉलेजातल्या एका मुलीने तिला सपाटून हरवलं. काकू घामाघूम झाली, टेबलाला धरून उभी राहिली आणि खदाखदा हसली. बाकावर बसलेल्या काकांनी तिला असं हसताना याआधी कधी पाहिलं होतं, ते आठवून पाहिलं. आठवलं नाही.