आयतं, दोन्ही वेळा

आमच्या फुफाजींइतका उंटावरचा शहाणा मी उभ्या वर्धा जिल्ह्यात पाहिला नाही, आणि मी शहाणे पुष्कळ पाहिलेत. फुफाजी म्हणजे आत्याचे यजमान. जामच्या चौरस्त्यावर त्यांचं किराण्याचं दुकान होतं, सुकामेवाही ठेवायचे. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि वर्तमानपत्राच्या पुरवण्या जास्त. एखाद्या पुरवणीत बुद्धी वाढवणारे पदार्थ, मन प्रसन्न ठेवणारा आहार असलं काही छापून आलं की ते कात्रीनं कापायचं, शर्टाच्या खिशात ठेवायचं, आणि रविवारी एसटीनं आमच्या पवनारच्या घरी दत्त म्हणून उभं राहायचं.

"वहिनी, हा अक्रोड पाहा. आतून कसा दिसते? मेंदू! देवानंच खूण करून ठेवली हाये बाप्पा."

"मग भेंडी कशासारखी दिसते, फुफाजी?" मी विचारलं होतं एकदा.

"तू गप बस वं. कालेजात काय गेली, लई शहाणी झाली."

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, रोज बसनं वर्ध्याला जायची. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार असेल. आणि आमच्या घरात जे चाललं होतं त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. आईनं हसणं सोडलं होतं. ज्या बाईचं हसू शेजारच्या दोन घरांत ऐकू जायचं, ती झाडू हातात घेऊन अंगणात नुसती उभी राहायची. जेवण एका भाकरीवरून अर्धीवर आलं, अर्धीवरून चतकोरावर. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. विचारलं तर म्हणायची, "काई नाई वं, मन नाई लागून राह्यलं." मला भीती वाटायची. ही अशीच थोडी थोडी कमी होत जाईल आणि एक दिवस नसेल, असं वाटून मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडायची.

फुफाजींनी पहिल्यांदा जाहीर केलं की वहिनींचा मूड सुधारला पाहिजे, तेव्हा बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हिले कुठला मूड?" ते म्हणाले.

त्यांना खरंच नवल वाटलं होतं. आमच्या घरात मूड ही फक्त बाबांची चीज. बाबा तहसीलीतून घरी आले आणि त्यांचा मूड नसला की आम्ही कुजबुजत बोलायचो, रेडिओ बंद, भांडंसुद्धा वाजू द्यायचं नाही. आईला मूड नव्हता. आईचे फार तर नखरे असायचे, नाहीतर डोस्कं फिरलेलं असायचं.

पण फुफाजींच्या कात्रणात छापलं होतं म्हटल्यावर बाबांनी मान डोलावली, आणि आईचे उपचार सुरू झाले. काय थाट होता त्या उपचारांचा! रात्री बदाम कोणी भिजवायचे? आईनं. पहाटे उठून त्यांची सालं कोणी काढायची? आईनं. ब्राह्मीचा पाला नदीकाठून आणून वाटायचा, मुगाला मोड आणायचे, अक्रोड उंबऱ्यावर ठेवून बत्त्यानं फोडायचे. गाजराचा हलवा मनाला फार चांगला, असं एका रविवारी निघालं. ती दुपारभर चुलीपुढे बसून दूध आटवत राहिली, आणि हलवा झाल्यावर आमच्या घरच्या रीतीप्रमाणे आधी पुरुषांची पानं मांडली. तिच्या वाटणीला कढईची खरड आली, ती तिनं मला दिली.

फुफाजी चमचा चाटत म्हणाले, "वा! मन कसं प्रसन्न झालं!"

झालंच असेल. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याचं मन प्रसन्न नाही होणार तर कोणाचं होणार? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं ते औषधपाणी दोन-तीन महिने चाललं. बाबांचं पोट सुटलं. आई आणखी वाळली.

हा 'आयतं' शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरायचे. आई दुपारी घटकाभर टेकली की बाबा म्हणायचे, "हिले सगळं आयतं पाह्यजे." मी चहा मागितला की, "सासरी काय आयतं देतीन तुले?" जो माणूस उभ्या जन्मात पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरून प्यायला नाही, त्याच्या तोंडी हा शब्द उठता बसता. लाज नावाची गोष्ट बाजारात मिळत नाही, नाहीतर फुफाजींनी तीही पुडीत बांधून आणली असती.

शेवटी आई न्हाणीत चक्कर येऊन पडली, तेव्हा मी भांडून तिला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. बाबा सोबत आले, कपाळाला आठ्या घालून. डॉक्टर तरुण होता, दक्षिणेकडचा, नुकताच आलेला. मराठीचा गंध नाही, हिंदीही अडखळत. पण बिचाऱ्यानं आईकडे बघून विचारलं. आजवर तिला बघणारे सगळे बाबांनाच विचारत आले होते.

"अम्मा, क्या खाने का मन करता है?"

आई पदराशी चाळा करत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "आयतं."

"आयतम?" डॉक्टर म्हणाला. "ये क्या है? सब्जी है?"

बाबांचे कान लाल झाले. मला हुंदका आणि हसू एकदमच आलं, मी ओढणी तोंडावर धरली.

"घर में बनता है?" त्यानं बाबांना विचारलं.

"हां... बनता है," बाबा म्हणाले. काय करतील!

"तो फिर दोनों टाइम खिलाइए. गरम-गरम. बहुत कमजोरी है." आणि त्यानं गोळ्या लिहून दिल्या.

परतीच्या बसमध्ये बाबा पवनार येईपर्यंत एकच वाक्य बोलले. "ज्याले मराठी समजत नाई, तो काय बिमारी समजन!" मला वाटलं, आजपर्यंत तिची बिमारी समजलेला हा एकच माणूस आहे, आणि तोही चुकून.

घरी आल्या आल्या आई पदर खोचून स्वयंपाकघराकडे निघाली. मी तिला खांद्याला धरून पाटावर बसवलं. चूल पेटवली, वांगं भाजायला टाकलं, जवस भाजून तिखट-लसूण घालून चटणी कुटली. जवस म्हणजे फुफाजींच्या लेखी ढोरांचं खाणं, त्यांच्या कात्रणांत ते नव्हतं. पुढे काही वर्षांनी तेच जवस मेंदूला उत्तम म्हणून छापून आलं आणि हे गृहस्थ पाकिटं भरून विकायला लागले, पण ते जाऊ द्या. मी भाकर थापली, फुगलेली भाकर तव्यावरून सरळ आईच्या ताटात टाकली.

बाबा समोर येऊन बसले होते. "अन मी?"

"तुम्हाले सांगितलं काय डॉक्टरनं?" मी म्हटलं.

आईनं घास घेतला. आणि असं बोलली की माझे पिठाचे हात थांबले.

"मीठ कमी हाये."

माझ्या आठवणीत तिनं अन्नाला नाव ठेवल्याचं पहिलंच. मीठ कमी की जास्त, हे सांगायचा हक्क आजवर बाबांचा होता. आणि सांगून ती उठली नाही. बसून राहिली. माझे हात पिठात, डब्यांची फळी बाबांच्या डोक्यावर. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी तव्याकडे बघितलं.

मग ते उठले. एक डबा उघडला, साबुदाणा निघाला. दुसऱ्यात हळद. इतकी वर्षं या माणसानं याच घरात रोज तीन वेळा गिळलं होतं आणि मीठ चिनी मातीच्या बरणीत असतं हे त्याला माहीत नव्हतं! शेवटी पांढरं काही तरी सापडलं. मोठ्या रुबाबात चमचाभर आणून त्यांनी आईच्या ताटात चटणीवर टाकलं.

आईनं खाल्लं. तोंड वाकडं केलं. पिठीसाखर होती ती. आणि ती हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग पदर तोंडावर, मग पार ठसका लागेपर्यंत. शेजारची काकू भिंतीवरून डोकावली.

"काऊन हासून राह्यली?" बाबा चमचा हातात धरून उभे.

फुफाजी आजही सांगत फिरतात की वहिनी अक्रोडानं बऱ्या झाल्या. सांगोत बापडे.

मी ताट बदलायला हात पुढे केला. आईनं ताट स्वतःकडे ओढून घेतलं.

"राहू दे वं," डोळे पुसत ती म्हणाली. "आयतं हाये." आणि साखर पडलेली ती चटणी तिनं भाकरीशी सगळी खाल्ली.