चिंचेसाठी जगाचं कोर्ट

चहा येतोय तोवर सांगून टाकतो. मी सहसा चुकत नाही. चुकलो तो एकदाच, आणि तोही भर चावडीत.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव जतकडचं. माझ्या आणि शेजारच्या दस्तगीरच्या बांधावर चिंचेचं झाड आहे. मी म्हणे माझं, तो म्हणे त्याचं. बोलणं बंद झालं.

तेव्हा आमचे सुभेदार पलटणीतून पेन्शनीवर आले होते. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण जगाची चौकशी फार. विचारलं, दोन देश हद्दीवरून भांडले तर फिर्याद कुठे करतात? सुभेदार म्हणाले, परदेशात जगाचं कोर्ट आहे, पण दोन्ही देश कबूल असले तरच खटला चालतो. नाहीतर पंच नेमतात. एक ह्याचा, एक त्याचा, आणि दोघांचं जुळेना तर तिसरा परका. निकाल मानायचा, हे आधीच ठरलेलं.

"आन् न्हाई मानला तर? पोलीस येतो?"

"देशावर कुठला पोलीस, आण्णा? जगात तोंड दाखवाय जागा ऱ्हात न्हाई, एवढंच."

मला पटलं. मोठे देश करतात ते आपण का करू नये? दस्तगीरला निरोप धाडला. तो लगेच कबूल! चावडीत सगळ्यांसमोर शब्द दिला. मी पंच नेमला सुभेदार.

दस्तगीर म्हणाला, "माझ्याकडनं वहिनी."

वहिनी म्हणजे कोण? माझी बायको! लोक हसले. मी मिशीला पीळ दिला. असा खुळा शत्रू कुणाला मिळतो?

"आण्णा, हरकत असंल तर आत्ताच सांगा," सुभेदार म्हणाले.

"माझी कसली हरकत?"

हिला बोलावलं. ही उभ्याउभ्याच बोलली, "मी नवी नवरी हुते. चिंचा येचाय गेले, तवा ह्यांनीच हात धरला. म्हनले, दस्तगीरच्या बाचं झाड हाय, हात लावू नगंस."

मला आठवलं. तीच तर पंचाईत! मी ताडकन उठलो. म्हणालो, ही पंच चालणार नाही, ही दस्तगीरच्या बाजूची आहे.

"हरकतीची वेळ गेली, आण्णा," सुभेदार म्हणाले, आणि तेही हिच्याच बाजूला गेले. तिसरा पंच लागलाच नाही.

निकाल मी पाळला. आता आमटीला चिंच लागली की दस्तगीरच्या दारात मीच जातो. तो आधी विचारतो, "वहिनींनी धाडलंय नव्हं?"

मी मान हलवतो. काय करणार? माझ्या शब्दावर तो चिंचेचं एक बुटूकसुद्धा देत नाही.