एकशे त्रेसष्टपैकी एकशे बासष्टावी

आमच्या साडभाऊंना उद्या कोणी थेट स्वर्गात नेलं, तरी आत पाऊल टाकण्याआधी ते दारावरची रांग पाहतील आणि विचारतील, "हे रांग कशाच्या क्रमानं लावली जी?" समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर बाहेर थांबून आधी ती नीट लावतील आणि मग स्वतः तिच्यात शेवटी जाऊन उभे राहतील. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत रेकॉर्डकीपर होते. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना शाल दिली, पण पस्तीस वर्षं फायली लावायची सवय काही काढून घेतली नाही. ती घेऊनच ते घरी आले. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबे अक्षरक्रमाने लावले. त्यामुळे महिन्यातून एकदा लागणारा ओवा शेगडीजवळ आला आणि रोजच्या फोडणीचे हळद-हिंग सर्वांत वरच्या फळीवर गेले. आमची मेहुणी तेव्हापासून स्टुलावर चढून हळद काढते. "ओव्याची भाजी करत जा म्हणते हा माणूस," असं ती आम्हाला सांगते, आणि ते शांतपणे दुरुस्ती करतात, "भाजी नाही वं, पराठे म्हटलं होतं."

पुढे त्यांनी सीताबर्डीतून एक वापरलेला कम्प्युटर आणला आणि एक जाडजूड पुस्तक समोर ठेवून डेटाबेस शिकले. पडद्यावर एका वेळी एकाच माणसाचा फॉर्म दिसतो, नाव, वय, पत्ता, सगळं आपापल्या चौकटीत. खाली 'इतक्यांपैकी इतकावा' असा आकडा असतो, आणि एक बटण दाबलं की सगळे फॉर्म पाहिजे त्या क्रमाने लागतात. या बटणाने त्यांना जो आनंद दिला, तो मी त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या लग्नाच्या फोटोंतही पाहिला नव्हता. पहिली ठेच मात्र लगेच लागली. मोहल्ल्यात डोळ्यांचं मोफत शिबिर होतं आणि यादी यांच्याकडे होती. टोकन नंबरची चौकट त्यांनी आकड्यांची न करता अक्षरांची केली होती, म्हणून कम्प्युटरने एकनंतर दहा, मग शंभर, मग एकशे एक असे नंबर लावले. दोन नंबरचं टोकन घेऊन सकाळपासून बसलेल्या जरीपटक्याच्या एका आजींचा नंबर दुपारी लागला. त्यांच्याआधी किती लोक गेले ते मी मोजलं होतं: तेवीस. साडभाऊ दुसऱ्या दिवशी माफी मागायला आजींच्या घरी गेले. आजी म्हणाल्या, "मी तं पंख्याखाली बसली होती बापू, घरी लाइट नव्हती. अजून दोन तास चाललं असतं." माफी अशी वाया गेल्याचं त्यांना अनेक दिवस वाईट वाटत होतं.

पण मला सांगायचं आहे ते उपवर-वधू परिचय मेळाव्याबद्दल. आमच्या समाजाच्या मंडळाने मुलामुलींच्या फॉर्मचं काम साडभाऊंकडे दिलं होतं. सभागृहात मोठ्या पडद्यावर एकेकाचा फॉर्म दाखवायचा आणि त्या मुलाने किंवा मुलीने मंचावर येऊन दोन मिनिटं बोलायचं, अशी पद्धत. क्रम नावाच्या पहिल्या अक्षरावर. एकूण फॉर्म एकशे त्रेसष्ट, आणि त्यांतला एक त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा, क्षितिजाचा. ती एकतीस वर्षांची, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, शांत पण वेळ पडल्यास तिखट. हा तिचा तिसरा मेळावा होता आणि तिने आईला स्पष्ट सांगितलं होतं, "आई, हा शेवटचा. यानंतर मी मंचावर उभी राहणार नाही."

मेळाव्याच्या दोन दिवस आधी मी त्यांच्याकडे गेलो, तर घरात भांडण चाललं होतं. कम्प्युटर 'क्ष' हे अक्षर 'क'मध्ये धरतो. त्याच्या मते ते क आणि ष यांचं जोडाक्षर. त्यामुळे क्षितिजा एकतिसावी आली होती. साडेदहाला सुरुवात आणि प्रत्येकी दोन मिनिटं धरली तर बरोबर साडेअकराला तिचा फॉर्म लागणार होता, म्हणजे सभागृह भरलेलं असताना. शाळेच्या पाटीवर मात्र क्ष हा ळनंतर येतो. त्या हिशेबाने ती एकशे बासष्टावी. जेवणाचा एक तास धरून चार वाजून बावन्न मिनिटांनी. एवढ्या वेळात जेवलेली माणसं आपापल्या घरी पोचून झोपूनही उठतात.

"कम्प्युटरनंच वर नेलं न तिले?" मेहुणी विचारत होती. "तुम्हाले काहून त्रास होऊन राहिला?"

"कम्प्युटर चुकला म्हणून मी चुकू का?" साडभाऊ म्हणाले. "दुसऱ्याची पोरगी असती तं दुरुस्त केलंच असतं न मी? मंग लोक म्हणतीन, बापानं पोरगी समोर घुसवली."

"कोणी पाहत नाही जी ते क्ष-बिक्ष!"

"मी पाहून राहिलो न."

"चौतीस वर्षं झाले माझ्या लग्नाले. हळद वर गेली, मी काही म्हटलं नाही. आता पोरगी बी शेवटी टाका!"

मेहुणीने माझ्याकडे पाहिलं. मी हिशेबी माणूस आहे; नियम बदलायला मला सांगता येत नाही. मी म्हणालो, "दोन मिनिटांऐवजी दीड मिनिट केलं तर ऐंशी मिनिटं वाचतील." कोणी ऐकलं नाही. क्षितिजा दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्हाला बरोबर वाटेल ते करा," आणि आत गेली. त्या वाक्यात राग होता की कंटाळा, ते मला कळलं नाही. साडभाऊंना कळलं असावं, कारण त्यांचे हात थोडा वेळ थांबले. मग त्यांनी फॉर्ममध्ये एक नवी चौकट केली, तीत प्रत्येकाचा शाळेतल्या पाटीप्रमाणे क्रमांक हाताने भरला आणि यादी त्या क्रमांकावर लावली. या वेळी चौकट आकड्यांची आहे ना, हे त्यांनी तीनदा तपासलं.

मेळावा ठरल्या मिनिटाला सुरू झाला आणि जवळजवळ ठरल्या मिनिटाला संपत आला. क्षितिजा मंचावर गेली तेव्हा चारशे खुर्च्यांवर सत्तावीस माणसं होती, आणि त्यांतली सहा तर खुर्च्या उचलायला आलेली. मेहुणी पदराने डोळे पुसत होती. साडभाऊ पडद्याकडे पाहत होते, मुलीकडे नाही. ती दोन मिनिटं नीट बोलली आणि खाली उतरली. मग शेवटचा फॉर्म लागला: ज्ञानेश, वय तेहेतीस, कामठीला शाळेत गणिताचा शिक्षक. तो मंचावर गेलाच नाही. सरळ साडभाऊंच्या टेबलाशी आला.

"काका, हे यादी कोणं लावली?"

"मी."

"ज्ञ म्हणजे ज आणि ञ. मी जमध्ये पाहिजे होतो. माझी आई तीन वाजता थकून गेली घरी. आता कोणाले सांगू मी माझी उंची, या खुर्च्यावाल्याले?"

साडभाऊंनी तोंड उघडण्याआधी क्षितिजा पुढे आली. "मग शाळेच्या पाटीवर ज्ञ शेवटी काहून आहे? तुम्ही शिक्षक ना?"

"मी गणिताचा आहो."

"दिसूनच राहिलं. बाबांनी स्वतःच्या मुलीला तुमच्या एकच नंबर आधी ठेवलंय. तक्रार करायची तर मी करीन."

तो टेबल सोडून तिच्याकडे वळला. "म्हणजे तुम्ही बी सकाळपासून…?"

"साडेनऊपासून."

"जेवल्या का?"

"वांग्याची भाजी संपली होती."

"हाव न! मी बी पोहोचेपर्यंत नुसता रस्साच उरला."

यानंतर क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र अक्षरं मानावं की नाही, यावर ते दोघं पन्नास मिनिटं भांडले. घड्याळ माझ्याकडेच होतं. साडभाऊंनी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला. मेहुणीने त्यांना कोपराने गप्प केलं. वैशाखात लग्न झालं.

आता मंडळाचा नियम असा की ज्यांचं जमलं त्यांचा फॉर्म आठ दिवसांत काढायचा. हा नियम साडभाऊंचाच, आणि ते नवरीच्या अंगाची हळद उतरायच्या आत फॉर्म उडवतात अशी त्यांची ख्याती आहे. परवा संध्याकाळी मी गेलो, तर कम्प्युटरच्या पडद्यावर आकडा होता एकशे बासष्ट. मध्ये नवा फॉर्म आलेला नव्हता. मी म्हणालो, "साडभाऊ, दोन कमी व्हायला पाहिजे होते. एकच झालाय."

"हो का?" ते म्हणाले. "पाहतो."

तेवढ्यात फोन वाजला. यवतमाळहून कोणीतरी यादीत क्षितिजाचं नाव पाहून मुलासाठी विचारत होतं. साडभाऊंनी टीव्ही बंद केला, चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

"जमलं जी तिचं. कामठीले दिली. नाही, नाही, ठेवू नका फोन, सांगतो न. मी तिचा बाबाच बोलून राहिलो. जवाई गणिताचे शिक्षक आहेत, थोडे हट्टी आहेत, पण चांगले आहेत. रविवारी येतात दोघं. ह्या रविवारी नाही आले, परीक्षेचे पेपर होते म्हणते… हाव, एकुलती एक…"

मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिने मला बोटानेच गप्प बसायची खूण केली. फोन अकरा मिनिटं चालला. तो ठेवून ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "या आठवड्यातला हा तिसरा."