कोंबडीखालचं पार्सल

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत मी पॅकिंगच्या कामाला आहे. पितळेचे छोटे सुटे भाग डबीत भरायचे, डब्या खोक्यात रचायच्या, खोक्याला चिकटपट्टी मारायची आणि टेम्पोत चढवायचं. काम सोपं, पण त्यानं डोळ्यांना वाईट खोड लागते. लग्नात लोक आहेराची वस्तू बघतात, मी खोक्याचे कोपरे बघतो. कुणी अंगठ्याएवढी वस्तू हातभर खोक्यात लोळत पाठवली की माझं डोकं सणकतं. वस्तू माझी नसली तरी सणकतं. आई म्हणते, दुसऱ्याच्या खोक्यापायी कशाला जीव जाळतोस. पण गेल्या माघात जे खोकं आमच्या दारात आलं, त्यावर तीही जळली, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

खोकं आण्णांच्या कानाचं होतं. आण्णा म्हणजे माझे वडील. श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावात आम्ही तिघंच असतो, आई, आण्णा आणि मी. आण्णांनी साखर कारखान्यात उसाच्या मिलजवळ उभं राहून नोकरी काढली. तिथल्या धडधडाटात शेजारचा माणूस काय बोलतोय ते ओठांवरून ओळखायची सगळ्यांना सवय. निवृत्त होऊन घरी आल्यावर कळलं, की आण्णा घरातही ओठच बघताहेत. पुढं पुढं तेही चालेना. मग ते सगळ्याला हसून मान डोलवायला लागले. मला त्या हसण्याचा फार त्रास व्हायचा.

आईचा आवाज मुळात अगदी नाजूक. लग्नात तिनं नाव घेतलं ते पहिल्या रांगेतल्या बायांनाही ऐकू आलं नाही, मला एकट्याला तेवढं आलं, असं आण्णा अजून सांगतात. त्याच आईला या काही वर्षांत असं ओरडून बोलायची सवय झाली, की आमच्याकडं आज कसली भाजी आहे ते गल्लीच्या टोकाला कळतं. आण्णांची पोटाची तक्रार, माझ्या लग्नाचं फिसकटलेलं बोलणं, सगळं जाहीर. शेजारच्या मावशींबद्दल काही सांगायचं झालं तर पंचाईत, कारण ते मावशींनाच आधी ऐकू जायचं. म्हणून आईनं हळूहळू आण्णांना बारीकसारीक सांगणंच सोडलं. जेवायला चला, गोळी घ्या, दार लावा, एवढंच उरलं. आण्णांना ते कळत होतं. एकदा मला म्हणाले, "तुजी आई माज्याशी बोलत न्हाई रं आता. निस्ती हाका मारती."

मग मी त्यांना नगरला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, उजव्या कानात बराच जीव आहे, मशीन लावू. त्यांनी पुरणासारखा मऊ गोळा आण्णांच्या कानात भरला आणि तो घट्ट होईपर्यंत गप्प बसवून ठसा घेतला. त्या ठशावरून दूरच्या एका शहरातली कंपनी कानात बसणारा साचा करणार आणि मशीनसोबत घरी पाठवणार. मशीन कुणाच्याही कानाला चाललं असतं, साचा मात्र जगात एकट्या आण्णांच्या कानाचा. आण्णांना तो गोळा अजिबात आवडला नव्हता. आता कान कायमचा बुजवला अशीच त्यांची समजूत झाली होती, आणि एसटीत बसल्यावर त्यांनी मला बजावलं, की असला प्रकार पुन्हा करायचा नाही.

पार्सल आलं तेव्हा मी कामावर होतो. आईनं खोकं विळीवर धरून फोडलं. सुपारीएवढं मशीन आणि बोराएवढा साचा असं गृहीत धरलं तरी खोकं असायला हवं चपलेच्या डब्याएवढं. हे होतं आटा चक्कीएवढं. आणि आत कागदाची कात्रणं. कचेऱ्यांत नको असलेले कागद यंत्रात घालून शेवयांसारखे बारीक करतात, तसली. आईनं हात घातला आणि सगळी ओसरीभर झाली. वारा होताच. काही मावशींच्या तुळशीत गेली, काही वाटीतल्या दह्यात. मी संध्याकाळी घरी पोचलो तर आई अजून झाडत होती आणि त्या कंपनीचा उद्धार करत होती, तोही नेहमीच्या आवाजात.

"आरं, निस्ता कागुदच कागुद. मी म्हनलं मशीन न्हाई, कुनी थट्टा केली आपली. माज्या पोरानं असं खोकं भरलं असतं तर मी त्याला जेवाया घातलं नसतं."

एवढं कौतुक माझ्या कामाचं तिनं कधी केलं नव्हतं. मी खूश होऊन हातपाय धुतले.

मशीनची डबी देव्हाऱ्यात हळदकुंकू लावून ठेवलेली होती. आण्णा अंघोळ करून, धुवट टोपी घालून, कान पंच्यानं पुसून तयार बसले होते. मी डबी उघडली. मशीन होतं, सेल होते, साफ करायचा ब्रश होता, पुस्तिका होती. साचा नव्हता.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, सर, साचा वेगळ्या छोट्या पाकिटात घालून कागदात ठेवला होता, सुरक्षित राहावा म्हणून. कागदात! मग मात्र मी तिला पॅकिंग म्हणजे काय ते सविस्तर सांगितलं. लहान वस्तू झाकणाला आतून चिकटवायची असते, तिच्यावर लाल पट्टी लावायची असते, मोकळी सोडायची नसते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, नवीन साचा मिळेल सर, पण पुन्हा ठसा द्यावा लागेल आणि महिना तरी लागेल. मी आण्णांना खुणेनं कानात गोळा भरल्याचं दाखवलं. त्यांनी लगेच उजवा कान तळहातानं झाकला.

आईनं हातातला झाडू भिंतीला टेकवला.

"पांडरी पुडी हुती बारकी," ती म्हणाली. "मला वाटलं ती ओल शोसायची पुडी. तुज्या कंपनीतल्या खोक्यात असती ना, खाऊ नका लिवल्याली, तसली. तूच म्हनला हुतास, ती असली की माल कोरडा ऱ्हातो. म्हनलं असू दी, अंडी कोरडी ऱ्हातील."

"कसली अंडी?"

आईनं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पाटीकडं बोट दाखवलं. पाटीत आमची तांबडी कोंबडी पसरून बसली होती, डोळे अर्धे मिटून. तिच्याखाली अंडी, अंड्यांखाली त्या दूरच्या शहरातली सगळी कात्रणं, आणि त्यांत कुठंतरी आण्णांचा साचा.

आई काही टाकून देत नाही. कोंबडी आदल्या दिवशी खुडूक झाली होती, तिला अंड्यांवर बसवायला पाटीत भुस्सा घालायचा होता, तेवढ्यात ही मऊ कात्रणं घरपोच आली. तिनं पाटी भरली, वर अंडी मांडली, विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा ठेवला आणि दुपारीच कोंबडी बसवली. मी बाह्या सरसावून पुढं झालो तर आईनं माझं मनगट धरलं. मागच्या साथीत आमच्या सगळ्या कोंबड्या गेल्या होत्या, ही एकटी वाचलेली. आणि स्वभावानं फार तिखट. याआधी दोनदा कुणी तिच्या अंड्यांना हात लावला, तर ती उठून गेली ती पुन्हा बसलीच नाही.

तरी दुसऱ्या दिवशी मी प्रयत्न केला. सकाळी ती दाणे टिपायला उठली तशी मी हळूच पाटीत हात घातला. अजून पहिलं अंडंही बाजूला केलं नव्हतं, तोच ती फडफडत आली आणि माझ्या हाताला अशी टोच मारली की रक्त आलं. वर रुसून बाहेर जाऊन उभी राहिली. दुपार झाली तरी पाटीकडं बघेना. आई माझ्याशी बोलेना. अंडी गार पडायला लागली, आईनं त्यांच्यावर जुनं लुगडं टाकलं. आईनं रात्रीच ओरडून सगळं सांगितलेलं, त्यामुळं आण्णा काय झालं ते समजले. ते उठले, मूठभर बाजरी घेतली, अंगणात कोंबडीजवळ उकिडवे बसले आणि दाणा दाणा टाकत तिला पाटीपर्यंत घेऊन आले. ती बसली. आण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. इतकी वर्सं आयकलं न्हाई, अजून तीन आटवड्यानं काय हुतंय? ती मशीनवाली कंपनी म्हयना लावनार. ही लवकर देती."

हिशेब बिनचूक होता. कंपनीपेक्षा कोंबडी खरंच लवकर देणार होती.

तेव्हापासून आण्णा पाटीजवळ खाट टाकून बसायला लागले. मांजर आलं की काठी, कावळा आला की टोपी. पाण्याची वाटी तेच भरायचे. आयुष्यात कधी कोंबडीकडं न बघितलेला माणूस, पण तिच्याखाली त्यांचा कान होता. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून जायच्या, आण्णांना त्यातलं काही कळायचं नाही, पण कोंबडीनं मान वर केली की तेही करायचे. हे प्रकरण गावात पसरायला वेळ लागला नाही, आईचा आवाज होताच. मावशी येता-जाता दोन्ही हातांनी खुणा करून विचारायच्या, "आन्ना, कान कवा उबनार?" आण्णा बोटांवर दिवस दाखवायचे.

इकडं मशीनची कंपनी मला रोज मोबाईलवर विचारत होती, की आमचं पॅकिंग तुम्हाला कसं वाटलं, तारे द्या. एका रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना निबंध लिहिला. खोक्याच्या मापापासून सुरुवात करून कोंबडीपर्यंत आलो. लगेच उत्तर आलं, आपल्या प्रेमळ प्रतिक्रियेबद्दल आभारी आहोत. मी मोबाईल खिशात टाकला आणि आमच्या खात्यात त्या दिवसापासून प्रत्येक बारीक भाग झाकणाला आतून चिकटवायला लागलो. साहेबांनी विचारलं, हे कुणी सांगितलं? म्हटलं, घरी कोंबडी आहे.

मनातून मात्र मी घाबरलो होतो. साचा पाटीत नसलाच तर? आईनं बघितलेली पुडी खरंच ओल शोषायची असली आणि साचा झाडून उकिरड्यावर गेला असला तर? आण्णा इतक्या भरवशानं बसले होते, की त्यांना हे सांगायची माझी छाती होईना. आईलाही तीच भीती असावी, कारण एकदा मी तिला उकिरडा काठीनं उपसताना पाहिलं. मला बघून तिनं काठी टाकली आणि उगाच गवरी उचलून आत गेली.

शेवटी शेवटी कोंबडी दाण्याला उठली की आई पाटीपाशी खाली वाकायची, अंड्यांना हात न लावता कान जवळ न्यायची आणि ऐकायची. आत पिल्लू बोलायला लागलं की कळतं म्हणे. आण्णा खाटेवरून तिचं तोंड बघत राहायचे. एका सकाळी तिचा चेहरा फुलला आणि आण्णाही फुलले. काय ऐकलं ते त्यांना माहीत नव्हतं, पण ऐकलं एवढं कळलं.

पिल्लं निघाली तो रविवार होता. कोंबडी आपणहून उठून पिल्लांना घेऊन अंगणात उतरेपर्यंत आईनं मला पाटीच्या जवळ येऊ दिलं नाही. उतरली तशी तिनं पाटी अंगणात पालथी केली. टरफलं, पिसं, शिटानं माखलेली कात्रणं आणि खिळा. मी एकेक पट्टी सोडवत गेलो. आई चाळण घेऊन आली, मग तिनं चाळण टाकून हातानंच चिवडायला सुरुवात केली. आण्णा खाटेवर टोपी हातात घेऊन बसले होते. पुडी अगदी तळाशी, पाटीच्या पत्र्याला चिकटून बसली होती. पिवळी पडलेली, पण आतला साचा जसाच्या तसा. आई मटकन खाली बसली आणि रडली.

साचा साबणाच्या पाण्यात दोनदा धुतला, पुसला, मशीनला जोडला आणि आण्णांच्या कानात बसवला. तंतोतंत बसला. मी बटण दाबलं. आण्णांनी तोंड वेडंवाकडं केलं, मग कपाळाला आठ्या घालून अंगणात बघायला लागले.

"हे चीं चीं कशाचं?"

"पिल्लांचं!" आई नेहमीप्रमाणं ओरडली, आणि आण्णा खाटेवरून उडालेच.

"आगं हळू. आयकू येतंय मला."

आईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. हळू कसं बोलायचं ते तिच्या लक्षातच येईना. पदरानं तोंड पुसलं, मावशींच्या दाराकडं एकदा बघितलं, कोंबडीकडं बघितलं. मग ती आण्णांच्या शेजारी खाटेवर टेकली आणि काहीतरी बोलली. मी हातभर अंतरावर कात्रणं गोळा करत होतो, पण मला एक शब्द ऐकू आला नाही.

आण्णा हसले. मान डोलवायचं ते हसणं नव्हे. म्हणाले, "व्हय, ते बी खरंच हाय."