मागचा उतार

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या इमारतीचे वॉचमन हिंदुराव शेलार रोज शारजाहून येतात. दोन तासांच्या ट्रॅफिकने कायम दमलेले. पूर्वी फौजेत, काश्मीरच्या बर्फात होते.

काल वरच्या मजल्यावरचा वेदांग जॉर्जियाला स्कीइंगला निघाला.

“अंकल, तिथे रात्रभर स्नो पडलाय. उद्या सनी! रिसॉर्टच्या मागच्या उतारावर कोणीच नसेल.”

“म्हणूनच जाऊ नकोस. ताजा बर्फ अख्खाच्या अख्खा घसरतो. आम्हीही ऊन बघूनच निघालो होतो. सहा जण.”

“सो?”

“मी एकटा परतलो.”

मी हयातभर रंगमंचावर लांबलचक स्वगतं म्हटली. हे तीन शब्द मला पेलले नसते.

वेदांगने तिथेच मित्राला फोन लावला. “मागचा उतार खलास. दोन दिवस थांबू, मग तिथल्या गाइडला विचारू.”

“दे ती बॅग,” हिंदुराव म्हणाले आणि जड पावलांनी टॅक्सीकडे निघाले.