पुढं बावीस, मागं चोवीस

मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. त्यामुळे असले अनुभव सांगणाऱ्यांना आजवर मीच उलटे प्रश्न विचारत आले. अंधार होता का? एकटेच होतात का? आता माझं सांगते... भर दुपार होती आणि आम्ही तिघं जण होतो.

आम्ही पिंपळवंडीला मळ्यात राहतो. मी आणि माझे मिस्टर प्रकाश, अंगणापलीकडे धाकटे दीर संतोष भाऊजी. प्रकाशना जुन्या गाड्यांचं भारी वेड. गेल्या वर्षी त्यांनी मंचरहून एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार घेतली — लाल, दोनच सीट, तारांची चाकं. मूळ मालक, एक वयस्क काका, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, म्हणून मुलाने विकायला काढलेली. ती ठेवायला शेडमधून भाऊजींचा ट्रॅक्टर बाहेर उन्हात गेला आणि दोघा भावांत धुसफूस सुरू झाली.

घरी आणल्याबरोबर प्रकाशनी चारही टायरमध्ये बत्तीस हवा भरली, आमच्या दुसऱ्या गाडीला भरतो तेवढीच. हायवेला वेग घेतला की स्टेअरिंग थरथरायचं. नारायणगावला नेऊन व्हील बॅलन्सिंग केलं. टायरवाल्याने रिमला शिशाचे तुकडे चिकटवले, चाक मशीनवर फिरवून दाखवलं. आकडा झीरो, म्हणजे चाकात काही दोष नाही. तरी येताना थरथर तशीच.

दुसऱ्या दिवशी बघतो तर टायर मऊ. गेज लावला. पुढच्या दोन्हींत बावीस, मागच्या दोन्हींत चोवीस. पुन्हा भरली, पुन्हा तेच. पंक्चर म्हणावं तर साबणाच्या पाण्यात एक बुडबुडा नाही. व्हॉल्व्ह बदलले. थंडीने हवेचा दाब उतरतो, पण दोन-तीन पॉइंट, दहा नाही. आणि मुख्य म्हणजे गळती आकडा बघून थांबत नाही.

माणूस थांबतो.

प्रकाशनी सरळ अंगण ओलांडलं. "ट्रॅक्टरचा राग गाडीवर काढतोस व्हय?"

"दादा, मी हात न्हाई लावला तुझ्या गाडीला. आईशपथ!"

"मग हवा कोण सोडतंय? वारं?"

"मला काय म्हाईत? मी काय राखण बसलोय का तिथं?"

त्या दिवसापासून बोलणं बंद. आठवड्याभरात भाऊजींनी अंगणात मधोमध भिंत घालायची म्हणून विटा आणून टाकल्या. खरं सांगते, माझाही संशय त्यांच्यावरच होता. शेडला कुलूप घातलं, किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. तरी मन भरेना, म्हणून व्हॉल्व्हच्या टोपणांवर नेलपॉलिश फासलं — टोपण फिरवलं तर तडा जाणारच. कुलूप जसंच्या तसं, नेलपॉलिश अखंड, हवा बावीस आणि चोवीस. आता किल्ली तर माझ्याकडेच होती... प्रकाश माझ्याकडेही वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

शेवटी एका रविवारी जेवणं झाल्यावर मीच भाऊजींना बोलावलं. "भाऊजी, एकदाच या. आज काय तो सोक्षमोक्ष होऊ दे."

गाडी शेडबाहेर आणली. प्रकाशनी पंपाने बत्तीस भरली, मी टोपणं लावून नेलपॉलिश फासलं, ते वाळू दिलं. भाऊजी लांब विटांपाशी उभे, दोन्ही हात छातीशी बांधून.

फुस्स...

पुढच्या डाव्या चाकातून. आवाज व्हायचा, थांबायचा, पुन्हा थोडा व्हायचा. जसं आपण हवा सोडतो, गेज बघतो, परत सोडतो... अगदी तसं. मी टोपणाला बोट लावलं. घट्ट होतं. मग उजवं चाक, मग मागची दोन्ही. सगळं शांत झाल्यावर नेलपॉलिश खरवडून गेज लावला. बावीस. बावीस. चोवीस. चोवीस.

भाऊजी विटांवरच खाली बसले. "दादा, आता सांग... मी कुठं व्हतो?"

प्रकाश जाऊन भावाच्या शेजारी बसले.

त्याच हवेवर मी आणि प्रकाश मंचरला निघालो. हायवेला स्टेअरिंग जरासुद्धा थरथरलं नाही, गाडी लोण्यासारखी पळाली. पण माझ्या डोक्यात नवाच संशय — विकणाऱ्यांना हे माहीत असणार. दारात त्या काकांच्या पत्नी, काकू आल्या. गाडीकडे बघून पहिलाच प्रश्न, "हवा किती ठेवलीय?"

मी आकडे सांगितले. त्यांनी मान हलवली. "हलकी गाडी आहे, जास्त हवेवर उड्या मारते. हे दुसऱ्या कुणाला भरूच द्यायचे नाहीत." मुलगा मागे उभा होता. तो आमच्या नजरेला नजर देईना.

काका आतल्या खोलीत. बोलता येत नाही, माणसं ओळखतात की नाही तेही कळत नाही. गाडी विकल्याचं त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. आम्ही नमस्कार करून निघालो. काका नुसते छताकडे बघत होते.

माझं समाधान होईना. ह्या लोकांची काहीतरी चलाखी असणार. पुढे एका सुट्टीच्या दिवशी प्रकाश आणि भाऊजी मार्केटला गेलेले असताना, कुणालाही न सांगता मी चारही टायर बत्तीसला भरले आणि तिथेच उभी राहून काकूंना फोन लावला. गाडीचं नाव काढलं नाही.

"काकू, काकांची तब्येत कशी आहे?"

"आहे तशीच गं. दुपारचे झोपलेले असतात..." त्या थांबल्या. "थांब हं. आत्ता कसा काय ह्यांचा अंगठा परत हलायला लागला? बघ ना, गादीवर दाबतात, सोडतात... परत दाबतात. डॉक्टर म्हणतात, नसांचे झटके."

माझ्या पायाशी पुढच्या डाव्या चाकातून हवा सुटत होती. मी फोन कानाला तसाच धरून ऐकत राहिले. चौथं चाक शांत झालं तशा काकू म्हणाल्या, "थांबला बघ अंगठा."

मी बरं म्हणून फोन ठेवला. त्यांना काही सांगितलं नाही, घरातही नाही. इथेच पहिल्यांदा लिहितेय. मला फॉर्म्युला सापडलेला नाही, सापडेल असंही वाटत नाही. हवा आता मीच भरते. पुढं बावीस, मागं चोवीस. एक पॉइंटसुद्धा जास्त नाही.